स्टेशनासमोरची लायब्ररी आणि डेंग्यूचा मोसम

मथुरा मागे पडून गाडी दिल्लीच्या जवळ येऊ लागली की रुळांलगतच्या भिंती वाचायला मिळतात. मुंबईहून जाणाऱ्या मराठी प्रवाशांना त्या पाठ असतील. हकीम, वैद्य, शर्तिया इलाज, गुप्तरोगावर हमखास उपाय. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 सालचा आहे. कायद्याने सत्तरी ओलांडली, तरी भिंती रंगवणाऱ्यांना काम मिळतंच आहे.

त्याच 1954 साली संसदेने आणखी एक कायदा केला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने त्याची प्रत ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची. आज ही ग्रंथालयं चार आहेत: कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली. म्हणजे पुण्यात छापलेल्या मराठी पुस्तकाची एक प्रत, निदान कायद्याने तरी, जुन्या दिल्ली स्टेशनासमोरच्या दिल्ली पब्लिक लायब्ररीत जायला हवी. खोट्या उपचारांची जाहिरात थांबवायची आणि पुस्तकं लोकांपर्यंत न्यायची, या दोन्ही गोष्टी देशाने एकाच वर्षी मनावर घेतल्या होत्या. त्या एकमेकींच्या उपयोगी पडू शकतात, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या लायब्ररीचं उद्घाटन 27 ऑक्टोबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. भारत सरकार आणि युनेस्को यांचा हा संयुक्त प्रयोग. नव्याने साक्षर होणाऱ्या देशात सार्वजनिक ग्रंथालय कसं चालवावं, याचा नमुना म्हणून ती उभी राहिली. पुढे कोलंबियातल्या मेडेलिनला 1954 मध्ये आणि नायजेरियातल्या एनुगूला 1959 मध्ये असेच नमुने उघडले. पहिला मान दिल्लीचा. इमारत नवी नव्हती. युद्धकाळात सैनिकांसाठी असलेल्या वेव्हेल कॅन्टीनच्या जागेत कपाटं लावली गेली. सेवा मोफत होती. अनामत आणि मासिक वर्गणी यांची सवय असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला याचं अप्रूप वाटेल. 1953 पासून पुस्तकांची मोटारही शहरात फिरू लागली.

मला या लायब्ररीचं मोठं कौतुक वाटतं ते तिच्या समाजशिक्षण विभागासाठी. पुस्तक देणं-घेणं हे अर्धंच काम, असं तिच्या उभारणीतच गृहीत धरलेलं होतं. व्याख्यानं, चर्चामंडळं, चित्रपट, नाटक, संगीत हे सगळं ग्रंथालयाच्या कामातच मोडत असे. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्यानेही आत येऊन बसावं, ऐकावं, प्रश्न विचारावा. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या आणि गावोगावच्या वाचनालयांतल्या व्याख्यानमालांच्या सावलीत वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काही वाटणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे वक्ता बोलतो आणि अध्यक्ष समारोप करतात. श्रोत्याची पाळी येईपर्यंत आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतं.

श्रोत्याला बोलतं करण्याचा एक मोठा प्रयोग दिल्लीनेच केला. 1960-61 मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी शहरात ‘टेलिक्लब’ चालवले. लोकांनी एकत्र बसून दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहायचा आणि संच बंद झाल्यावर त्यावर आपसांत चर्चा करायची. सार्वजनिक आरोग्य आणि अन्नातली भेसळ हे त्यातले विषय होते.

दिल्लीत दुसरीही एक मोठी लायब्ररी आहे. अन्सारीनगरात, एम्सच्या समोर, राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय. 1966 पासून ते या नावाने ओळखलं जातं. तिथे नियतकालिकं, संशोधन, संदर्भ सगळं आहे, पण ते डॉक्टरांसाठी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी. समोरच्या फुटपाथवर पथारी टाकून नंबराची वाट पाहणाऱ्या रुग्णाच्या भावाला त्यातलं काय कळणार? मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर पब्लिक लायब्ररीजवळच्या चांदनी चौकानंतर दहावं स्टेशन एम्स. एक ग्रंथालय सांस्कृतिक मंत्रालयाचं, दुसरं आरोग्य मंत्रालयाचं. माझ्या मते खरं अंतर हे आहे, मेट्रोचं नव्हे.

ते कापायचं कसं? मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी ‘हेल्प’ नावाचं आरोग्य ग्रंथालय काढलं, खास रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी. फोर्टातल्या त्या जागेत आजारांवरची पुस्तकं कुणालाही फुकट वाचता येत आणि मोफत व्याख्यानंही होत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1998 मध्ये ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ सामान्य माणसासाठी उघडलं.

दिल्ली पब्लिक लायब्ररीने अशा आरोग्य-कार्यक्रमांची सुरुवात डेंग्यूपासून करावी. 1996 च्या साथीत या शहरात दहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि चारशेहून अधिक माणसं दगावली. 2015 मध्ये पुन्हा मोठी साथ आली, तेव्हा पपईची पानं आणि शेळीचं दूध यांचे भाव कडाडले. प्लेटलेटचा आकडा घरोघर क्रिकेटच्या धावसंख्येसारखा विचारला जातो. पण ताप उतरू लागतो तेच दिवस धोक्याचे असतात. त्या वेळी पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही दिसलं तर तडक रुग्णालय गाठायचं, हे किती घरांत ठाऊक असतं? अंगदुखीवर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, हे तरी?

एवढं सांगायला संध्याकाळचा एक तास पुरतो. मंच नको, हारतुरे नकोत. सार्वजनिक आरोग्य खात्यातला डॉक्टर असावा, भाषा हिंदी, जमल्यास उर्दू आणि पंजाबीही. कूलरची एक टाकी मध्ये ठेवून आतल्या अळ्या दाखवाव्यात. मोबाइलवर फिरणारे संदेश लोकांनी घेऊन यावेत आणि ग्रंथपालाने ते सर्वांसमोर तपासावेत: हे कुणी लिहिलं, कधी, आणि यात विकायचं काय आहे? ग्रंथपालाने औषध सांगायचं नाही. खात्रीचा कागद कुठे मिळेल ते सांगायचं, त्यात तो तरबेज असतोच. खाजगी रुग्णालयाचा फलक मागे लावून कार्यक्रम घेणं सोपं, खर्चही वाचतो. पण मग लायब्ररी आणि ती रुळांलगतची भिंत यांत फरक काय उरला?

वेळ मात्र साधायला हवी. दिल्लीत डेंग्यू पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात येतो, आणि घरोघरचे कूलर मेपासूनच भरलेले असतात. कार्यक्रमाची सूचना फलकावर जूनमध्ये लागली तरच तिचा उपयोग.