समोर कागद नसलेले चौघे

प्रागचं स्मेटाना क्वार्टेट रंगमंचावर यायचं तेव्हा खुर्च्या चार असत, स्वरलिपीचा स्टँड मात्र एकही नसे. चार जणांनी मिळून वाजवायचं तर प्रत्येकापुढे आपापला कागद हवा, हा पाश्चात्त्य संगीतातला रिवाज. या मंडळींनी तो उमेदीच्या काळात मोडला आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रचना मुखोद्गत वाजवल्या. यात पाठांतराची ऐट नव्हती. नजर कागदावरून सुटली की ती शेजाऱ्याच्या गजावर जाते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

चेलोवादक अँटोनिन कोहोउट यांच्या पुढाकाराने प्राग कॉन्झर्व्हेटरीत जमलेल्या या गटाची पहिली जाहीर मैफल नोव्हेंबर १९४५मध्ये झाली. युरोपातलं महायुद्ध संपून जेमतेम सहा महिने झाले होते. १९५६मध्ये व्हायोलावर मिलान श्काम्पा आले. यिरी नोव्हाक, लुबोमिर कोस्तेत्स्की, श्काम्पा आणि कोहोउट हा संच मग १९८९पर्यंत टिकला. तेहतीस वर्षं तेच चौघे!

ज्यांचं नाव घेतलं त्या बेद्रिख स्मेटाना यांचं ‘माझ्या आयुष्यातून’ हे क्वार्टेट, म्हणजे अशा चौघांसाठीची रचना, १८७६चं, संगीतकार ठार बहिरा झाल्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेलं. शेवटच्या भागात नाच रंगात आलेला असतो. तो अचानक थांबतो. खाली बाकीची वाद्यं थरथरत राहतात आणि वर पहिलं व्हायोलिन एकच तार स्वर लांबवत नेतं. बहिरेपणाआधी स्मेटानांच्या कानात घुमणारा आवाज तो हाच. त्यानंतर नाच काही पुन्हा उभा राहत नाही.

१९७२मध्ये टोकियोत डेनॉन कंपनीने आपल्या नव्या डिजिटल यंत्रावर या चौघांकडून मोझार्ट ध्वनिमुद्रित करून घेतला. फीत कापून चुका सांधणं त्या यंत्रात जिकिरीचं होतं. न चुकता सलग वाजवू शकणारे असे वादक मिळणं कंपनीच्या पथ्यावरच पडलं असणार.

चेक क्वार्टेटवादनाच्या या घराण्याची मुळं जुनी आहेत. १८९०च्या दशकात उदयाला आलेल्या बोहेमियन क्वार्टेटमध्ये संगीतकार ड्वोर्झाकचे जावई योसेफ सुक दुसरं व्हायोलिन वाजवत. संगीतकार यानाचेकचं पहिलं क्वार्टेट १९२४मध्ये याच गटाने प्रथम सादर केलं. पुढची पिढी श्काम्पांनी शिकवली. त्यांच्या नावाचं श्काम्पा क्वार्टेट १९८९चं, तर त्यांचं मार्गदर्शन लाभलेलं पावेल हास क्वार्टेट २००२चं. ज्यांचं नाव या दुसऱ्या गटाने घेतलं, ते यानाचेकचे शिष्य पावेल हास १९४४मध्ये ऑशविट्झमध्ये मारले गेले.

नव्याने ऐकणाऱ्यांनी मोझार्टपासून सुरुवात करू नये. ‘माझ्या आयुष्यातून’च लावावं, आणि शेवटचा भाग संपेपर्यंत उठू नये.