आधी वापरणारा, मग बाकीचे!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आम्ही सायबर कॅफेत बसलो होतो. माहिती भरून झाली, पण अर्ज काही पुढे सरकेना. कॅफेवाला म्हणाला, "साहेब, हे पान एकाच ब्राऊझरमध्ये चालते, आपल्याकडे तो नाही." तासाचे पैसे गेले आणि अर्जाची मुदत डोक्यावर होती. यात त्या पोराची चूक काय? मुळीच काही नाही. पान तयार करणाऱ्याने स्वतःची सोय पाहिली आणि भुर्दंड वापरणाऱ्याने भरला.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक आहे असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. नियम जेथे ठरतात तेथे सोय कोणाची आधी पाहायची, असा हा प्रश्न आहे. आणि वेबचे नियम करणाऱ्यांनी त्याचे उत्तर लिहूनही ठेवले आहे! एचटीएमएल म्हणजे वेबची पाने ज्या भाषेत लिहिली जातात ती भाषा. तिच्या रचनेची तत्त्वे वर्ल्ड वाईड वेब कन्सोर्टियमने नोव्हेंबर २००७ मध्ये मसुदारूपाने प्रसिद्ध केली. हितसंबंधांचा संघर्ष झाला तर काय करायचे, याचा क्रम त्यात दिला आहे. सर्वांत आधी वापरणारा, मग पान लिहिणारा, मग ब्राऊझर बनवणारा, त्यानंतर नियम लिहिणारा आणि अगदी शेवटी तात्त्विक शुद्धता. एरवी जगात हा क्रम नेमका उलटा असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हे शहाणपण आपोआप आलेले नाही. २००० साली एक्सएचटीएमएल नावाची कडक शिस्तीची भाषा पुढे आली. तिची शिस्त पूर्ण लागू केली तर पानात एक खूण चुकली तरी ब्राऊझर वाचन थांबवून चुकीची पाटी दाखवी. चूक लिहिणाऱ्याची, शिक्षा वाचणाऱ्याला! आम्ही याला तांत्रिक सोवळे म्हणतो. प्रत्यक्षात जगातील बहुतेक पाने चुकांनी भरलेली होती आणि लोक ती वाचत होते. २००४ मध्ये मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी कन्सोर्टियमच्या बैठकीत प्रस्ताव मांडला, की आहे तीच भाषा सुधारू. तो फेटाळला गेला. तेव्हा ॲपल, मोझिला आणि ऑपेरातील लोकांनी वेगळा गट काढून काम सुरू केले. २००७ मध्ये कन्सोर्टियमने तेच काम पायाभूत मानले आणि २००९ मध्ये एक्सएचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम गुंडाळण्याची घोषणा केली. चुकलेले पानसुद्धा प्रत्येक ब्राऊझरने सारख्याच रीतीने कसे वाचावे, हे नव्या एचटीएमएलने तपशीलवार लिहून काढले. ओझे वाचकाच्या डोक्यावरून उतरले आणि ब्राऊझर बनवणाऱ्याच्या डोक्यावर गेले. त्याच तत्त्वांत आणखी एक सांगितले आहे, की लोकांनी चालून पाडलेली पायवाट पक्की करा. जगातील सर्व भाषांना आधार द्या, अपंगांनाही वेब वापरता यावे, हेही तेथे लिहिलेले आहे.

पण कागदावरचे तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर असते. चित्रपट वगैरेंच्या प्रतींना कुलूप लावणारी एक पद्धत सप्टेंबर २०१७ मध्ये याच कन्सोर्टियमने मंजूर केली. या कुलपातील दोष शोधणाऱ्या संशोधकांवर कंपन्यांनी खटले भरू नयेत, एवढे तरी अभिवचन घ्या, अशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाऊंडेशनची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि फाऊंडेशनने राजीनामा दिला. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के सदस्य बाजूने होते. हे सदस्य कोण? वर्गणी भरणाऱ्या संस्था, त्यातही मुख्यतः कंपन्या. ज्याचे नाव यादीत पहिले, त्या वापरणाऱ्याला मतच नव्हते!

आज धोका आणखी वाढला आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपला एज ब्राऊझर गुगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियमवर उभा केला. नावे अनेक दिसतात, पण पान प्रत्यक्ष वाचून दाखवणारी मोठी यंत्रणा आता मुख्यतः तीनच उरल्या आहेत, गुगल, ॲपल आणि मोझिला यांच्या. त्यातही गुगलचे पारडे फार जड आहे. एकाच ब्राऊझरपुरते पान लिहिण्याची जुनी खोड नव्या नावाने परत यायला वेळ लागणार नाही. आणि तिचा फटका स्वस्त मोबाईलवर फॉर्म भरणाऱ्यालाच आधी बसेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की हा विषय परका मानू नका. एचटीएमएलच्या नियमांतील त्रुटी आज कोणीही व्यक्ती नोंदवू शकते, त्याला वर्गणी लागत नाही. आपली शेकडो मुले आज अभियंता होऊन संगणकावर बसली आहेत. त्यांनी आपण बनवलेले पान जुन्या मोबाईलवर आणि दुसऱ्या ब्राऊझरमध्ये उघडून पाहावे. त्यातील मराठी अक्षरे नीट उमटतात का, हे तपासावे आणि चुकत असेल तेथे आवाज उठवावा. वापरणारा पहिला, हे लिहून झाले आहे. ते पाळले जाते की नाही, यावर पहारा मात्र वापरणाऱ्यालाच ठेवावा लागणार आहे!