चारही टायर एका मापाचे की मागचे रुंद?

सांगलीच्या ऊसपट्ट्यात बहुतेक ट्रॅक्टरची पुढची चाके लहान व मागची मोठी असतात. ओढीचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून ही रचना. मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही महागड्या मोटारींतही याच कारणाने मागचे टायर रुंद असतात. मात्र ते पाहून भाड्याच्या साध्या गाडीला तसे टायर घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची. चारही मापे सारखी असली की दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे बदलता येतात, झीज सारखी होते आणि एकच स्टेपनी चारही ठिकाणी चालते. मापे वेगळी झाली की हे फायदे गेले.

दोनच टायर घ्यायचे झाले तर त्याच मापाचे घ्यावेत व नवे मागे बसवावेत. सातारा जिल्ह्यातील पसरणी घाटात भर पावसात मागचा गुळगुळीत टायर घसरला, तर गाडी गर्रकन फिरते व ती सावरणे कठीण होते. खरेदीपूर्वी दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत कंपनीने दिलेले माप अवश्य पाहावे.