शौर्याच्या नाण्याची पारख

लष्करी पराक्रमाची आठवण म्हणून भारत सरकार दोन तऱ्हेची नाणी काढते. एक साधी, बाजारात फिरणारी. १९६५ च्या युद्धाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१५ मध्ये निघालेले पाच रुपयांचे पितळी रंगाचे नाणे त्यातले. ‘शौर्य एवं बलिदान’ अशी अक्षरे असलेले हे नाणे भाजीवाल्याकडून सुट्ट्या पैशांतही हाती येते. दुसरी तऱ्हा चांदीमिश्र, वजनदार नाण्यांची. ही गल्ल्यात कधी दिसत नाहीत. ती टांकसाळीतून डबीत बंद होऊन थेट संग्राहकाच्या घरी जातात. कायद्याने तीही चलनच, पण दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट पैसे मोजून घेतलेले नाणे खर्चायला कोण काढील?

या दुसऱ्या तऱ्हेचा चांगला नमुना म्हणजे २०१८ चे ७५ रुपयांचे नाणे. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, त्याला पंचाहत्तर वर्षे झाल्याबद्दल ते निघाले. एका बाजूला सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आणि रुपयाच्या चिन्हासह ७५ चा आकडा. दुसऱ्या बाजूला सलामी देणारे नेताजी आणि त्यांच्या पाठीमागे सेल्युलर जेल. असे नाणे काढायचे तर २०११ च्या नाणे अधिनियमाखाली राजपत्रात नियम प्रसिद्ध करावे लागतात, आणि धातू, वजन, व्यास, कडेवरचे दाते, कोणत्या बाजूला काय असेल हे सगळे त्यात ठरवून दिलेले असते. पारख करणाऱ्याला राजपत्रासारखा दुसरा साक्षीदार नाही. या नाण्यासाठी ते सांगते: वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, कडेला २०० दाते, चांदी ५० टक्के, तांबे ४०, निकेल ५ आणि जस्त ५.

म्हणजे ‘चांदीचे नाणे’ म्हणून जे हातात येते, त्यात शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅमच. त्याच्या खालोखाल चौदा ग्रॅम तांबे. हे चार धातूंचे मिश्रण जुने आहे आणि त्याचा उगमही युद्धातच आहे. राणीछाप रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेली जागा तांबे, निकेल, जस्त यांनी भरली. लोकांनी जुने रुपये दडवले आणि नवे खर्चले. १९४७ मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. युद्धकाळातल्या काटकसरीचा तोच धातू आज शौर्याच्या गौरवासाठी वापरला जातो. विक्रेते ही गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाहीत.

नाणे घडते ते असे. चित्रकाराच्या आराखड्यावरून आधी मोठे उठावदार चित्र करतात. पूर्वी ते यंत्राच्या सुईने लहान करत पोलादावर कोरले जाई, आता हे काम संगणकावर चालणारी यंत्रे करतात. मूळ ठशावरून छापाचे साचे काढून ते कडक केले जातात. दुसरीकडे मिश्रधातूच्या पट्ट्या लाटून चकत्या कापतात, त्यांची कडा उचलतात, भट्टीत तापवून त्या मऊ करतात, आम्लात धुतात आणि झळाळून घेतात. शेवटी चकती दोन साच्यांमध्ये येते. भोवती दात्यांचे कडे असते. दाबाखाली धातू पसरतो आणि त्या कड्यात रुतून कडेवर दाते उमटतात. ‘प्रूफ’ प्रतीसाठी साचे आणि चकत्या आरशासारख्या घासलेल्या असतात आणि दाब एकापेक्षा अधिक वेळा देतात. त्यामुळे मोकळी जागा काळसर आरशागत चमकते आणि चित्र त्यावर पांढुरके, धुरकट उठते. साध्या प्रतीत सगळीकडे एकसारखी मऊ झाक असते. वर्षाच्या आकड्याखाली टांकसाळीची खूण शोधावी: मुंबईची चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते.

मुंबईची टांकसाळ फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोर आहे. तिची इमारत १८२९ च्या सुमारास पुरी झाली. समुद्रापलीकडच्या उरणकराला ती लांब नाही. मोऱ्याहून लाँच पकडली की भाऊचा धक्का, आणि तिथून पुढे थोडेच अंतर. उरणमध्ये अशा नाण्यांविषयी कुतूहल असावे हेही स्वाभाविक. करंजाला नौदलाचे शस्त्रागार आहे, मरीन कमांडोंचा आयएनएस अभिमन्यू हा तळही याच तालुक्यात आहे. नौदलाच्या नोकरीवर चाललेल्या घरांच्या शोकेसमध्ये जहाजांची चिन्हे, पदके आणि अशी नाणी शेजारी शेजारी मांडलेली असतात.

खरी पंचाईत नाणे सराफाकडे नेल्यावर होते. सराफाचा हात सवयीने कसोटीकडे जातो. दगडावर कडा एकदा ओढली की चांदी किती हे त्याला कळते, पण नाणे संग्राहकाच्या दृष्टीने बाद झालेले असते. दोन-तीन दाते चपटले तर भिंगाखाली ते लपत नाही. त्यापेक्षा काटा पुरे. आधी कोरडे वजन: ३५ ग्रॅमच्या आसपास. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे लोंबते सोडायचे की ते तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काटा आता नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दाखवतो. निम्मी चांदी असलेल्या या मिश्रणाची घनता सुमारे साडेनऊ येते, म्हणून आकडा ३.६७ ग्रॅमच्या जवळ थांबला पाहिजे. तांबे-निकेलची नक्कल त्याच वजनाची असली तरी ३.९ च्या वर जाते. बुडबुडा चिकटला तर आकडा फसवतो. तो दोरा हलवून सोडवावा. पाणी डिस्टिल्डच घ्यावे, आणि प्रूफ नाण्याला ही परीक्षा देऊच नये. त्याच्या आरशावर सुकलेल्या थेंबाचा डाग कायमचा बसतो.

दिवाळीत सराफांकडे मिळणारी शिवाजी महाराजांची किंवा लक्ष्मीची दहा-वीस ग्रॅमची चांदी वेगळी. ती ९९.९ टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ शुद्ध, पण तिच्यावर रुपयाचे मूल्य नसते आणि ती नाणेही नसते. चांदी म्हणून ती सरस आहे. संग्रहाच्या दृष्टीने मात्र तिच्यामागे राजपत्र नाही, टांकसाळीची खूण नाही.

नाण्याशी गल्लत होते ती पदकाची. महावीरचक्र आणि वीरचक्र ही दोन्ही पदके चांदीचीच. परमवीरचक्र मात्र कांस्याचे. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या युद्धपदकांच्या कडेवर शिपायाचे नाव आणि पलटण कोरलेली असे. नाण्याच्या कडेवर फक्त दाते असतात, प्रत्येक प्रतीवर तेच. पदक माणसाचे असते, नाणे घटनेचे. म्हणूनच एखाद्या सामान्य शिपायाचे झिजलेले पदकही नाव वाचता आले तर संग्राहकाला अधिक बोलके वाटते.

या जुन्या पदकांच्या इतिहासात उरणचा एक धागा आहे, तो फारसा कोणी उलगडत नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या सुरुवातीलाच इंग्रजांनी साष्टीबरोबर करंजा बेट, म्हणजे आजचे उरण, घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी आणि करंजा त्यांच्याकडेच राहिले. याच युद्धासाठी पश्चिम हिंदुस्थानात आलेल्या देशी शिपायांना ईस्ट इंडिया कंपनीने सोन्या-चांदीची पदके दिली. ‘डेक्कन मेडल’ हे कंपनीचे पहिले युद्धपदक मानले जाते. एका बाजूला पुष्पहार पुढे करणारी ब्रिटानिया आणि किल्ला, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. मानाप्रमाणे धातू आणि आकार बदले: वरच्यांना सोने, खालच्यांना लहान चांदी. शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

उरणला नाणे जपणे हे मुंबईपेक्षाही कठीण काम. मिठागरांवरून येणारी खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांत चाळीस टक्के तांबे गप्प बसत नाही. आधी पिवळसर, मग तपकिरी छटा येते. बोटांचा घाम लागलेला असेल तर तिथे हिरवा कळंक धरतो. गंधकाच्या संपर्काने चांदी काळवंडते ती वेगळीच. रबरबँड, वर्तमानपत्र आणि स्वस्त प्लास्टिकची पाकिटे हे घरातले तीन शत्रू. नाणे कडेने धरावे, टांकसाळीची पारदर्शक डबी उघडू नये, आणि डबी ठेवायच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाकून ती दर पावसाळ्याआधी बदलावी. काळवंडलेले नाणे चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासण्याचा मोह आवरावा. नैसर्गिक छटा असलेल्या नाण्याला घेणारा मिळतो, घासलेल्याला फक्त चांदीचा भाव मिळतो, तोही निम्म्या चांदीचा.