उंदीरमामांचं पोट सगळं लक्षात ठेवतं

तळेघरच्या खाचरांत भाताच्या लोंब्या भरल्या, की बांधातली बिळंही भरतात. मग दुकानातून काळी पूड येते. नाव झिंक फॉस्फाईड, पण मागायचं ते ‘उंदराचं औषध’. जाणता शेतकरी ती पहिल्या दिवशी घालत नाही. दोन-तीन दिवस बिळाशी तेल चोळलेली नुसती भरड ठेवायची. उंदीर निर्धास्त झाले, की मग औषध. कारण उंदीर नवं खाणं आधी चाखून बघतो. थोडक्यात वाचला पण पोट ढवळलं, तर ते आमिष त्याला कित्येक आठवडे वर्ज्य. दुधानं तोंड पोळलेला माणूस निदान ताक फुंकून पितो. हा ताकाच्या वाटेलाच जात नाही!

बरं, उंदराला उलटी होत नाही. मळमळलं की गडी माती खातो.

शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना आवाज आणि खाणं यांची जोडी पुन्हा पुन्हा दाखवावी लागली. उंदराला एक फटका पुरतो, तोही खाल्ल्यावर काही तासांनी बसला तरी. अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजून किरणोत्सर्ग दिला. पुढे उंदरांनी त्या पाण्याकडे पाठ फिरवली. १९६६ चा प्रयोग त्याहून झकास. पाणी गोड, शिवाय पिताना उजेड चमकतो आणि खटका वाजतो. ज्यांचं पोट बिघडवलं त्यांनी चवीवर ठपका ठेवला. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी उजेड-आवाजावर.

पण ब्रोमॅडिओलोनसारखी औषधं उंदराला चकवतात. त्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. तोवर कशानं बाधलं याचा पत्ताच लागत नाही.

‘एक उंदीर मेला की बाकीच्यांना कळतं’ हे मात्र तितकंसं खरं नाही. कॅनडात बेनेट गेलेफ यांना आढळलं, की सोबत्याच्या श्वासाला ज्या खाण्याचा वास येतो, तेच उंदीर आवडीनं खातात. सोबती आजारी असला तरी! इशारा कसला, ही तर जाहिरात.

पोट बिघडवणारं खाणं टाळायची ही खोड ऑस्ट्रेलियात कामाला लावली. केन टोड नावाचे विषारी बेडूक खाऊन क्वोल हे छोटे शिकारी प्राणी मरत होते. क्वोलना मळमळ आणणारं औषध भरलेले छोटे मेलेले टोड खाऊ घातले; पुष्कळांनी टोडचा नाद सोडला.

पाखरंही काही कमी नाहीत. रुईची पानं खाऊन वाढलेला बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर फुलपाखरू, एकदा चाखलं की पुरे. डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. ती चवीला बरी, तरी पाखरं तिला सोडून देतात. तिचा नर काळाभोर, पांढऱ्या ठिपक्यांचा. त्याला ही सवलत नाही.