लोखंडाचे कण आणि तीन प्रश्न

इंडक्शनच्या शेगडीवर चहा ठेवताना एक गंमत लक्षात आलीच असेल. जाळ दिसत नाही, तरी पातेलं तापतं. कारण भराभर दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र थेट पातेल्यालाच गरम करतं. आता समजा, पातेल्याच्या जागी आहेत लोखंडाच्या ऑक्साइडचे कण, आणि तेही कॅन्सरच्या गाठीत! एकेक कण जेमतेम १२ नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावतील.

या विषयात मी काही हौसेने शिरलो नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या बाबांना ग्लिओब्लास्टोमा झाला, म्हणजे मेंदूचा कॅन्सर. एका दुपारी तिने मोबाइल पुढे केला. ‘‘चुंबकाने कॅन्सर जातो म्हणे. खरंय का रे?’’ डबे तसेच राहिले आणि आम्ही दोघं वाचत बसलो.

हॉस्पिटलात या कणांना आधी नोकरी मिळाली ती दाखवण्याची. १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी ‘फेरिडेक्स’ला मंजुरी मिळाली. शिरेतून दिलेले कण निरोगी यकृतातल्या कुपफर पेशी गिळतात, म्हणून तो भाग स्कॅनमध्ये काळवंडतो. कॅन्सरच्या गाठीत या पेशी सहसा नसतात, त्यामुळे ती उजळ राहते. काळोख्या बिल्डिंगमध्ये एकाच खिडकीत दिवा असावा, तशी! फेरिडेक्स पुढे बाजारातून गेलं, पण कल्पना टिकली.

तापवण्याची कल्पना तर त्याहून जुनी. आर. के. गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्येच लसीकाग्रंथींत कण तापवण्याचे प्रयोग छापले होते. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीने ती मेंदूच्या गाठींपर्यंत नेली. त्यांच्या ‘नॅनोथर्म’ला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. यात कण थेट गाठीत टोचायचे, मग सेकंदाला १ लाख आवर्तनांचं चुंबकीय क्षेत्र लावायचं, आणि जोडीला रेडिएशन.

ग्लिओब्लास्टोमा उलटलेल्या ५९ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये आला. आजार पहिल्यांदा उलटल्यापासून निम्मे रुग्ण १३.४ महिन्यांहून जास्त जगले. आशा वाटते ना? आम्हालाही वाटली. पण त्याच अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे श्रेय कणांचं किती, हे त्यातून ठरत नाही.

शिवाय अटी होत्याच. दातांतलं धातूचं फिलिंगसुद्धा आधी काढायचं. आणि गाठीत कण इतके साठतात की नंतर तिथला एमआरआय नीट दिसत नाही. थोडे कण चित्र स्पष्ट करतात, भरमसाट झाले की तेच चित्र पुसतात! २०२२ मध्ये मॅगफोर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग हे सगळं फुकट? मुळीच नाही. लोखंड तापतं, यात शंका नाही. खरी परीक्षा आहे ती पुरेसे कण नेमके गाठीत पोचवण्याची आणि रुग्ण त्यामुळे जास्त जगतो, हे दाखवण्याची.

मैत्रिणीने तीन प्रश्न कागदावर लिहून घेतले. कण गाठीपर्यंत कसे पोचणार? तुलना कोणाशी केली? नंतर स्कॅन करता येईल का? बाबांच्या डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर शांतपणे दिलं. बाबांचं रेडिएशन आणि गोळ्या ठरल्याप्रमाणे चालू राहिल्या.

तुमच्या फॅमिली ग्रुपवरही असा फॉरवर्ड कधीतरी येईलच. पाठवणाऱ्या काकांवर चिडू नका. चालू उपचार मात्र थांबवू नका, आणि हे तीन प्रश्न घेऊन सरळ डॉक्टरांकडे जा.