आधी पाणी, मग गड

पाचाडला जिजाऊंच्या वाड्यात विहिरी आहेत. वर रायगडावर मात्र पावसाचंच पाणी अडवावं लागलं. बांधकामासाठी दगड काढला तिथे गंगासागर झाला, कातळात टाकी खोदली गेली, तेव्हा कुठे राजधानी त्या उंचीवर नांदली. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, अशी ताकीदच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. चंद्रावर मुक्काम करायचा तर पहिला प्रश्न हाच; आणि त्याचं उत्तर शोधण्यात चांद्रयान-१ चा वाटा फार मोठा आहे.

२२ ऑक्टोबर २००८ ला हे यान श्रीहरिकोट्याहून निघालं. १४ नोव्हेंबरला त्याच्यापासून सुटलेली, तिरंगा रंगवलेली पेटी दक्षिण ध्रुवाजवळ आदळली. खाली जाताना तिच्यातल्या ‘चेस’ उपकरणाने पाण्याच्या वाफेची नोंद केली. भक्कम साक्ष मिळाली ती यानावरच्या नासाच्या ‘एम-थ्री’ या वर्णपटमापकाकडून. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात तीन मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश कमी भरत होता. पाणी आणि हायड्रॉक्सिल नेमका तोच शोषून घेतात. २४ सप्टेंबर २००९ ला हा शोध जाहीर झाला. त्याआधीच, ऑगस्टअखेर, यानाशी संपर्क तुटला होता.

हे पाणी म्हणजे झरा किंवा डबकं नव्हे. सूर्याकडून येणारा हायड्रोजन खडकातल्या ऑक्सिजनशी जुळून मातीत ते अगदी पुसटसं तयार होतं. खरा साठा ध्रुवांवर. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे तिथल्या काही विवरांच्या तळाला ऊन कधी पोचतच नाही. तिथे बर्फ टिकून राहतो. ९ ऑक्टोबर २००९ ला नासाने कॅबियस विवरात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाणी सापडलं. पुढे २०१८ मध्ये एम-थ्रीच्याच जुन्या नोंदींतून पृष्ठभागावरच्या बर्फाचा थेट पुरावा हाती आला.

पृथ्वीवरून एकेक लिटर तिथवर नेणं अतोनात महाग. तिथलंच पाणी मिळालं तर ते पिता येईल, फोडून श्वासासाठी ऑक्सिजन काढता येईल, रॉकेटचं इंधनही करता येईल. भारत आणि जपानची चांद्रयान-५ मोहीम दक्षिण ध्रुवाजवळ खणून तपासणी करणार आहे, ती त्यासाठीच. मला काळजी वाटते ती इंधनाची. गंगासागराला दर वर्षीचा पावसाळा आहे. विवरांतला बर्फ एकदा जाळला की माणसाच्या हिशेबात तो परत भरायचा नाही. सूर्यमालेच्या जुन्या काळाचा त्यातला पुरावाही जाईल. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्र कुणा देशाच्या मालकीचा होऊ शकत नाही, पण बर्फ किती काढावा याची मर्यादा त्यात नाही. ती पहिली खाण सुरू होण्याआधी ठरायला हवी, आणि ती मागणी भारताने लावून धरावी.